मास्तरीणबाईंचा उजवा पाय

आमच्या समोरच्या घरात मास्तरीणबाई राहतात. लोकांना गाडी चालवायला शिकवतात. एकच गाडी, पांढरी, बारा वर्षांची. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारभर माणसं रस्त्यावर सोडली असतील आणि त्यातल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ आहे. शिकाऊ माणसानं क्लचवर उगाच पाय टेकवला की बाई समोर बघतच म्हणतात, "पाय उचला. ते पायपुसणं नाही." हे डॉक्टरांनी ऐकलंय, वकिलांनी ऐकलंय. मी ते एका महिन्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी स्कूटरच बरी असं ठरवलं.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच टेबल, डोळ्याला भिंग. बाई बोलतात आणि घड्याळजी ऐकतात, अशी घरातली कामाची वाटणी. त्यांना बोलतं करायला किल्ली द्यावी लागते, असं गल्लीत म्हणतात. मी म्हणतो, असं नाही, गल्ली म्हणते.

तर दुखणं होतं ब्रेकचं. चाकामागे एक गोल लोखंडी तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवतात ते पॅड. चारचौघांच्या गाडीत पॅड दोन-तीन वर्षं टिकतात. बाईंच्या गाडीत तीन महिने. मग असा कर्कश आवाज सुरू व्हायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्रासून दुसरीकडे राहायला जात. गॅरेजवाला दर वेळी सांगायचा, "ताई, शिकाऊ गाडी आहे, हे असंच चालायचं," आणि हाताला येतील ते पॅड बसवून द्यायचा.

मग गाडीची वार्षिक तपासणी आली. आरटीओच्या साहेबांनी स्वतः चालवून ब्रेक दाबला तर गाडी थांबता थांबता डावीकडे ओढली गेली. त्यांनी कागदावर लिहिलं: तीन आठवड्यांत दुरुस्त करून आणा, नाहीतर या गाडीवर शिकवणं बंद. आणि बाईंच्या अकरा विद्यार्थ्यांची परीक्षा त्याच्या लगेच पुढच्या सोमवारी, याच गाडीत. गाडी नापास झाली तर अकराच्या अकरा जण मोठ्या रस्त्यावरच्या त्या चार गाड्यांच्या चकचकीत शाळेत जाणार, आणि तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही. त्या दिवशी बाई शिकवणी न घेता घरी आल्या. असं बारा वर्षांत घडलं नव्हतं. मी लगेच साखर मागायला गेलो. शेजारधर्म.

गॅरेजवाल्याचं मत ठरलेलंच होतं, पॅड बदला. डिस्क त्यानं कडेला मापून दाखवली होती, नवी बावीस मिलिमीटरची, ही पावणेबावीस. "धडधाकट आहे ताई." पण या वेळी बाईंनी त्याचं ऐकून घेतलं नाही. अंगणात चाक काढायला लावलं आणि हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

घड्याळजी भिंग डोळ्यावर ठेवूनच बाहेर आले. डिस्कवरून नख फिरवलं. कडेपाशी नख अडलं. तिथे बारीक कंगोरा होता आणि आतला भाग बशीसारखा खोल गेलेला. ते आत गेले, मापायचं हत्यार आणि दोन सारखी नाणी घेऊन आले. कंगोरा मापाला आडवा येऊ नये म्हणून डिस्कच्या दोन्ही अंगांना, कंगोऱ्याच्या आत, एकेक नाणं टेकवलं, सगळं मिळून मापलं आणि त्यातून नाण्यांची जाडी वजा केली. साडेअठरा. डिस्कवरच कोरलेलं होतं की वीसच्या खाली वापरू नये.

"अगं, कडेला पॅड पोचतच नाही," घड्याळजी म्हणाले. "तिथे ती नवीच राहणार. झिजते ती आत. अशा डिस्कवर कितीही नवे पॅड घाल, ती ते खाणारच."

एका दमात चार वाक्यं. मी कॅलेंडरवर खूण करायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. पिशवी धरायला मी बरोबर. दुकानदारानं तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिले पॅड मऊ, आवाज नाही पण लवकर संपणारे. तिसरे कडक, त्यांच्याबद्दल तो छातीवर हात ठेवून म्हणाला की गाडी भंगारात जाईल पण पॅड झिजणार नाहीत.

"हे झिजणार नाहीत," बाई म्हणाल्या, "मग झिजणार काय?"

दुकानदार छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "डिस्क."

बाईंनी मधलं खोकं उचललं. सिरॅमिकच्या मिश्रणाचे, धूळ कमी, टिकाऊ, आणि डिस्कशी भांडण न करणारे. डिस्कही त्याच कंपनीच्या घेतल्या, पुढच्या दोन्ही चाकांना नव्या, कारण एकच बदलली तर गाडी परत एका बाजूला ओढणार. खोक्यावरचा नंबर आपल्या गाडीच्याच मॉडेलचा आहे ना, हे त्यांनी तीनदा वाचलं. गॅरेजवाल्यानं गाल फुगवूनच बसवलं सगळं. बाई शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर पुसून घेतला, पॅडची पकड ज्या पिनांवर सरकते त्या साफ करून वंगण लावून घेतलं. "ताई, तुम्हीच गॅरेज उघडा," तो म्हणाला. "बघू," म्हणाल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोन दिवसांनी मी बाजारातून येत होतो आणि पुढे बाईंची गाडी. चालवायला त्या अकरा जणांतल्या दंतवैद्यीणबाई. मागचे लाल दिवे लागलेले. पोस्टापासून पाण्याच्या टाकीपर्यंत लागलेलेच. मी मनात म्हटलं, लोकांचे दात उपटणारी बाई ब्रेकला मात्र सोडत नाही. सिग्नल सुटला तसा स्कूटर बाजूला घेऊन आत डोकावलो, तर दंतवैद्यीणबाईंचा पाय ॲक्सिलरेटरवर. शिकवणीच्या गाडीला मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्याच्यावर आमच्या मास्तरीणबाईंचा उजवा पाय, उन्हात पहुडलेल्या मांजरासारखा, निवांत.

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तडक त्यांच्या पुढच्या खोलीत जाऊन बसलो. बाई आल्या, पाणी प्यायल्या. मग मी म्हटलं, "वहिनी, ते पायपुसणं नाही."

घड्याळजींचा चिमटा हवेत थांबला.

"भाऊजी, पुराव्याशिवाय बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाजात धार होती, पण नजर पायाकडे गेलीच.

पुरावा घड्याळजींनी आणला. सकाळी माझ्या मागे स्कूटरवर बसले, हातात स्टॉपवॉच. दिवा लागला की चालू, विझला की बंद. घरी येऊन त्यांनी फक्त आकडा सांगितला, चाळीस मिनिटांतली एकतीस.

बाईंनी स्टॉपवॉच हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मग खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "बारा वर्षं लोकांना ओरडतेय," म्हणाल्या, "आणि दिव्याखाली हा अंधार." डिस्क कुणी झिजवली होती, तेही आता वेगळं सांगायला नको होतं.

पण पाय ऐकेना. एवढ्या वर्षांत त्यानंच कितीदा जीव वाचवलेला, तो सहजासहजी कसा हटणार? आणि नव्या पॅडना आधी डिस्कशी जुळू द्यावं लागतं. नव्या जोडप्यासारखंच, सुरुवातीलाच जोर केला की जन्माची कुरकुर. म्हणून बाईंनी दंतवैद्यीणबाईंना गोदामामागच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि स्वतः सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. जणू आता पान वाढायचंय. दंतवैद्यीणबाईंचा चेहरा पांढराफटक. "तुमचा पाय कुठाय?" "तुमचा आहे ना? वेग घ्या. हळू दाबा. पूर्ण थांबायचं नाही. सोडा." मध्ये मध्ये ब्रेक थंड होऊ द्यायला दोन चकरा नुसत्या. असं तीस वेळा. विसाव्या वेळेपासून दंतवैद्यीणबाई स्वतःच मोजायला लागल्या. नंतर रस्त्यावर बाईंनी पाय ब्रेकच्या शेजारी जमिनीवर ठेवायची सवय लावली. पहिले चार दिवस पोटरी दुखली म्हणे.

तपासणीला मीही गेलो. साहेबांनी वेग घेतला, पांढऱ्या रेघेशी जोरात ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली केलं आणि सरळ रेघेवर उभी राहिली, ना डावीकडे ना उजवीकडे, आवाज नाही. साहेबांनी परत दाबून बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी केवळ मजा म्हणून दाबला, असं माझं मत आहे. उतरून पास लिहिलं आणि कोणते पॅड घातले ते विचारून आपल्या डायरीत टिपून घेतलं.

सोमवारी अकरा जण त्याच गाडीत परीक्षेला बसले. मास्तरांना आत बसायची परवानगी नसते, म्हणून बाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. दंतवैद्यीणबाईंना साहेबांनी मध्येच अचानक थांबायला सांगितलं. त्या थांबल्या, इतक्या अलगद की साहेबांच्या मांडीवरचा कागदही हलला नाही. संध्याकाळी यादी लागली. अकराच्या अकरा पास. घड्याळजी काम बंद करून यादी बघायला आले होते. त्यांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली आणि बायकोच्या पाठीवर सगळ्यांदेखत थाप मारली. बाई लाजल्या. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या तुकडीला चौदा जणांनी नावं दिली, त्यातले दोघे चकचकीत शाळेतून आलेले.