घोंगडीबाहेरचे पाय
घोंगडी उन्हात टाकली की तिला जो मेंढराचा उबदार वास सुटतो, त्याने मला अजून आत्याच आठवते. चुलीच्या धुराने तिची छाती पार खराब झाली होती. चार पावलं टाकली की धाप लागायची आणि पाय भरून यायचे. सोलापूरच्या एका दवाखान्यात अशा पेशंटच्या थकलेल्या मांड्यांना लाल उजेडाचा शेक देऊन बघत होते, म्हणून मी तिला अक्कलकोटहून घेऊन गेले. "गुण येईलच असं नाही हं, आजी," फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली. "न्हाय आला तर पाय माझंच हायत की," म्हणत आत्याने मांडीवरची घोंगडी सारली आणि लुगडं वर घेतलं. शेजारच्या बाकावरचा माणूस पुटपुटला, "म्हातारीला लाज न्हाय." आत्याला धाप लागली होती, तरी आवाज खणखणीत होता. "ह्याच पायांनी रानोमाळ मेंढरं राखली. तवा कुनाला लाज वाटली न्हाय, आन् आताच बरी वाटाय लागली? तिकडं तोंड कर!" शेक संपल्यावर मी चाकाची खुर्ची पुढे केली. तिने खुर्चीत घोंगडी ठेवली आणि खुर्ची ढकलत, थांबत थांबत, फाटकापर्यंत चालत गेली. परवा माझ्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात गेले, तर तिथल्या मावशींनी चाकाची खुर्ची आणली. मी तिच्यात पर्स ठेवली आणि ढकलायला लागले.