ठकीचं आजोळ

पेनाच्या एका फटकाऱ्यात मी एका घोडीला भाऊ मिळवून दिला, आणि त्या भावापायी एका चांगल्या चाललेल्या संसारात नवराबायको मिठाच्या बरणीमार्फत बोलू लागले.

झालं असं की, मी तेव्हा घोड्यांच्या शर्यतींच्या एका साप्ताहिकात नुकताच उपसंपादक म्हणून चिकटलो होतो. त्याआधी मी एका मासिकात शब्दकोडी तपासत असे. घोड्यांचं मला ओ की ठो कळत नव्हतं. तसं मी मुलाखतीत प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. संपादक म्हणाले, "घोड्याला पाय किती असतात ते माहीत आहे ना? मग झालं. पुढचं काकू सांगतील."

काकू म्हणजे आमच्या 'आजोळ' या सदराच्या लेखिका. शर्यतीत उतरणाऱ्या घोड्यांचं कूळ तपासायचं आणि कोण किती पल्ला झेपवील ते सांगायचं, हे त्यांचं काम. वर्षातली सर्वांत मोठी शर्यत तोंडावर आली होती. दीड मैलाची. तिच्या विशेषांकासाठी काकूंनी एकेका उमेदवाराची कुंडली मांडून दिली होती. त्यात एका घोडीबद्दल वाक्य होतं, 'ठकी आणि साहेब एकमेकांचे कोणी लागत नाहीत.' साहेब हा सगळ्यांचा लाडका, जिंकणार तर तोच असं जो तो म्हणत होता. मी सोबतचा तक्ता पाहिला. दोघांचा बाप एकच. म्हटलं, काकूंचं वय झालं, होतं असं कधीतरी. आपण नाही सांभाळून घ्यायचं तर कोणी? मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'ठकी ही साहेबाची सावत्र बहीण.' शब्दकोड्यातला उभा-आडवा शब्द अचूक जुळल्याचं समाधान झालं. त्या आनंदात मी चहा मागवला आणि चक्क दुसऱ्यालाही पाजला.

अंक निघाला त्या सकाळी काकू माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पायात घोड्यांच्या तबेल्यात चालतील असे बूट. त्यांनी अंक माझ्यापुढे ठेवला आणि त्या वाक्यावर बोट टेकवलं.

"हे तू केलंस?"

"हो. बाप एकच आहे ना दोघांचा," मी म्हणालो. अजून मला शाबासकीची आशा होती.

"अरे, त्या बापाला दर वर्षी गावभर पोरं होतात. ती सगळी भावंडं धरली तर शर्यत कसली, घरगुती कार्यक्रम होईल तो. घोड्यांत नातं आईकडून. आई एक असेल तर भाऊबहीण. बाप एक असला तर कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"शेजारी म्हण हवं तर." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझ्या आजोळी कोणी धावपळ करणारं होतं का?"

"मामा कारकून होते."

"वाटलंच," म्हणून त्या गेल्या.

काकूंची सगळी विद्या ही अशी आईच्या बाजूची. त्यांचे वडील एका स्टडफार्मवर जनावरांचे डॉक्टर होते. पोरवयात इतर मुली बाहुल्या खेळतात तेव्हा काकू गाभण घोड्यांच्या कुंपणाशी बसून असत. कोणती आई पिलाला आधी पाजते, कोणती आधी लाथ मारते, हे सगळं त्यांना पाठ. वंशावळीच्या तक्त्यात वर बाप असतो आणि खाली आई. काकू तक्ता हातात आला की वरचा अर्धा भाग तळहाताने झाकून टाकत. "बापाची जाहिरात मालक करतात. आईची कोण करणार?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नेहमी खरं ठरे असं मात्र नाही. आजीच्या पुण्याईवर त्यांनी डोक्यावर घेतलेले काही घोडे मी नंतर असे आरामात येताना पाहिले की, वाटावं हे फिरायला निघालेत.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, घोड्यांचे ट्रेनर. पूर्वी जॉकी होते. लग्नानंतर काकूंच्या हातचं खाऊन वजन वाढलं आणि घोड्यावरून उतरावं लागलं, असं ते सांगत. काकू सांगत, वजन आजोळचं. काकांचा तबेला लहान. चारपाच घोडी, एक म्हातारा मोतद्दार आणि एक मांजर. ठकी त्याच तबेल्यातली. कागदोपत्री तिचं नाव इतकं लांबलचक की ते पुरं होईतो ती शर्यत संपवून परत येई, म्हणून ठकी.

आता माझ्या त्या शब्दाने काय केलं ते ऐका. ठकीचं नाव एकाच दिवशीच्या दोन शर्यतींत घातलेलं होतं. एक सहा फर्लांगांची, म्हणजे मोठ्या शर्यतीच्या निम्मीच. ठकीच्या ती अगदी मापाची. दुसरी दीड मैलाची मोठी. तिच्यात नाव आपलं हौसेनं घातलेलं. दोन्हींपैकी एकीतून ते गुरुवारपर्यंत काढायचं होतं. ठकीचे मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आमचा विशेषांक वाचला, आणि आपली घोडी साहेबाची बहीण आहे हे कळल्यावर त्यांचे पाय जमिनीवर राहिनात. दुसऱ्या दिवशी पहाटे, काकूंनी मला "तूच निस्तर" म्हणून तबेल्यात ओढून नेलं होतं तेव्हा, डॉक्टर गळ्यात नवी दुर्बीण अडकवून हजर.

"ट्रेनरसाहेब, ठरलं. मोठ्या शर्यतीत उतरायचं. साहेबाची बहीण आणि छोट्या शर्यतीत? लोक मला काय म्हणतील?"

मी तोंड उघडलं. "डॉक्टर, त्याचं असं आहे की, ती बहीण म्हणजे तशी बहीण नव्हे..."

"सावत्र. वाचलंय मी. माझी धाकटी बहीणही सावत्रच आहे. आम्ही मानत नाही असलं काही," डॉक्टर म्हणाले आणि ठकीच्या कपाळावर हात फिरवून निघून गेले.

काका ठकीच्या मानेवरचे केस उगाच बोटांनी विंचरत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला तेव्हा कळलं की त्यांना जे दिसलं ते घोडीत नव्हतं. काकांनी इतकी वर्षं घोडे तयार केले, पण मोठ्या शर्यतीत खोगीर चढवायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. तसे घोडे मोठ्या तबेल्यांकडे जात. आता ती पाळी चालत दारात आली होती, तीही माझ्या चुकीच्या पाठीवर बसून.

बुधवारी नवा अंक निघायचा. दुरुस्ती त्यात यायला हवी होती. मजकूर आणायला मी काकूंच्या घरी गेलो तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसलेली, मध्ये ती मिठाची बरणी. मला बघून दोघांनाही बरं वाटलं. भांडणाला साक्षीदार लागतोच.

"तूच सांग," काका मला म्हणाले. "चूक तुझी. ती तू पुढच्या आठवड्यात कबूल केलीस तर आकाश कोसळेल का?"

"पुढच्या आठवड्यात शर्यत होऊन गेलेली असेल," काकू बरणीला म्हणाल्या. "मग दुरुस्ती कशाची करायची? ठकीच्या पायाची?"

"तिची छाती बघितलीस का तू?"

"बघितली. मागचा पायही बघितला. आहे ते सगळं ती पहिल्या दमात देऊन टाकते. आई तशी, आजी तशी. मावशी तर वळणावर थांबून लोकांकडे बघत होती."

"एखादी निघते वेगळी."

"निघते. आणि नाही निघाली तर थकलेलं जनावर पाय कुठे पडतोय ते बघत नाही. हे तुम्ही मला शिकवलंत."

काका मग टेबलाच्या कडेवर नख घासत म्हणाले, "मला नुसतं त्या पॅडॉकमध्ये उभं राहायचं होतं गं. मोठ्या शर्यतीच्या आधी घोडे फिरवतात ना, तेव्हा आत. कुंपणाच्या आतल्या बाजूला. जिंकायचं कोण म्हणतंय?"

काकू उठल्या, गॅस बंद करायला. गॅस पेटवलेलाच नव्हता. तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "मजकूर उद्या सकाळी पाठवते. तू जा."

मजकूर आला तो असा: 'गेल्या अंकात ठकीला साहेबाची बहीण म्हटलं गेलं. ते दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ठकीचं आजोळ कमी पल्ल्याचं आहे. सहा फर्लांगांत तिला धरणं कठीण. दीड मैल तिच्या अंगावर येईल. तिच्या ट्रेनरला हे माझ्याआधी माहीत आहे.'

शेवटचं वाक्य वाचून मी अडखळलो. नवऱ्याची ही स्तुती समजायची की कानउघाडणी? ठेवावं की काढावं, म्हणून संपादकांना विचारायला गेलो. त्यांनी वाचलं, हात पुढे केला आणि म्हणाले, "तुझं पेन दे इकडे. शनिवारी परत मिळेल."

बुधवारी सकाळी ताजा अंक घेऊन मी स्वतः तबेल्यात गेलो. 'आजोळ' आपण कधीच वाचत नाही, घरात रोज ऐकावंच लागतं, असं काका चारचौघांत सांगायचे. त्यांनी अंक घेतला आणि बरोबर त्याच पानावर उघडला. उभ्याने वाचलं. वाचताना ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी ते इतका वेळ थांबले की मोतद्दाराने मला डोळ्यांनी विचारलं, कोणी गेलं का?

डॉक्टरांकडे आमचा अंक दुपारी पोचायचा. काकांनी सकाळीच फोन लावला.

"डॉक्टर, मोठ्या शर्यतीतून ठकीचं नाव काढतोय. छोटी धावेल... हो, बहीण वगैरे सगळं खरं, पण नाही... डॉक्टर, ऐका माझं. दाताखालचं तुम्ही बघता, तिथे मी बोलतो का? मग खुराखालचं मला बघू द्या."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. काका "हं, हं" करत होते आणि मोकळ्या हाताने अंकाची घडी घालत होते. आधी दुहेरी, मग चौहेरी, मग खिशात मावेल एवढी.

रविवारी छोट्या शर्यतीत ठकी सुटली ती बाकीच्यांना मागे टाकूनच. वळणावर ती इतकी पुढे होती की डॉक्टर दुर्बीण उलटी धरून बघू लागले. आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तिचा दम संपलेला आम्हा सगळ्यांनाच दिसला. मान वर झाली, टापा जड पडू लागल्या. अगदी शेवटी एका घोड्याने तिला मानेभर अंतराने मागे टाकलंच. दुसरी आली. डॉक्टरांनी मला "याला पहिली म्हणता येणार नाही का?" असं विचारलं. माझा लौकिक पोचला होता.

काका तिला धरून परत आले. ती घामाने निथळत होती, पण चारही पाय नीट टाकत होती. "अजून एवढंसं अंतर असतं तर चालत आली असती," ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले आणि तिला पाणी दाखवायला घेऊन गेले.

मग मोठ्या शर्यतीची वेळ झाली. घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरू लागले. मी आणि काकू वरच्या पायरीवर उभे होतो. खाली कुंपणाच्या बाहेर, गर्दीत, काका दिसले. या दिवसासाठी शिवून घेतलेला नवा कोट त्यांनी घातला होता. त्यावर ठकीच्या घामाचा डाग पडला होता. आतले ट्रेनर खोगिरं आवळत होते. काका कठड्यावर दोन्ही हात ठेवून बघत होते. कोणाचा तरी पट्टा सैल होता वाटतं, कारण त्यांनी बाहेरूनच खूण करून ते दाखवलं, आणि आतल्या माणसाने तो घट्ट केला.

शर्यत झाली. काकूंनी तळहाताखालून निवडून काढलेला घोडा बराच मागे आला. "आईवर नाही गेला मेला," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. आणि साहेब? साहेब पहिला आला. त्याच्या ट्रेनरला लोकांनी खांद्यावर घेतलं.

काकूंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या कठड्याशी उभ्या असलेल्या नव्या कोटाकडे बघत होत्या. गर्दी पांगली तरी तो कोट तिथेच होता. मला राहवलं नाही. चूक माझी, शिक्षा त्यांना, हे मनातून जात नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "काकांच्या आयुष्यात एकदाच हे चालून आलं होतं. लिहिताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की राहू द्यावं?"

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला, आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "पळायचं घोडीला होतं, त्यांना नाही."