राहिलेलं आभारप्रदर्शन

माझ्या बायकोच्या मामांइतका आभार मानणारा माणूस या भूतलावर दुसरा झालेला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. ज्याच्या शेवटी आभारप्रदर्शन झालं नाही तो कार्यक्रमच नव्हे, असं त्यांचं मत आहे. आमच्या लग्नात पंगती चालू असताना त्यांनी सनईवाल्यांसमोरचा माइक उचलला आणि भटजी, आचारी, मांडववाला, पाण्याचा टँकर वेळेवर आणणारा ड्रायव्हर आणि ‘आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून आलेले नवरदेव’ या सर्वांचे आभार मानले. नवरदेव मीच होतो. बंगळुरूत मल्लेश्वरममधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या वार्षिक सभेत एकदा पार्किंगवरून दोन गट हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामा शांतपणे उठले आणि दोन्ही गटांचे ‘उत्स्फूर्त सहभागाबद्दल’ आभार मानून खाली बसले. सभा तिथेच संपली, कारण आभार मानून झाल्यावर उठायचं असतं हे भांडणाऱ्यांनाही माहीत होतं.

मामा मूळचे निपाणीचे. तरुणपणी नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि इथेच राहिले. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ येतं, मध्येच ‘बरं’साठी ‘सरी’ येतं, आणि भाजीवाला मराठी असला तरी ते त्याला अण्णाच म्हणतात. मल्लेश्वरमच्या आसपासच्या मराठी कुटुंबांचं एक छोटंसं मंडळ होतं, त्याचे ते कायमचे कार्यवाह. गणपतीतली भावगीतं असोत की कोजागिरीचं दूध, सतरंजी घालण्यापासून पाहुण्यांना रिक्षात बसवण्यापर्यंत सगळं मामा करायचे, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्यांना हवी असायची ती फक्त शेवटची दहा मिनिटं आणि माइक. पुढे कुणी मुलांजवळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला राहायला गेलं, कुणी अमेरिकेला गेलं, कुणी त्याहून लांब गेलं, आणि मंडळ आपोआप बंद पडलं. मामा घरी बसले. मामींनी स्वयंपाक केला की त्यांचे आभार, पेपरवाल्याने पेपर टाकला की त्याचे आभार, असे दिवस चालले होते. शेवटी मामी वैतागल्या आणि त्यांनी भाचीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन केला.

आम्ही राहतो तिथून बरंच लांब, एचएसआर लेआउटमध्ये. आमच्या घराजवळ एका जुन्या गोदामात सौम्या नावाच्या मुलीने गाण्याबजावण्याचा हॉल काढला होता. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकणारे असे बँड तिथे दर शनिवारी वाजवायचे. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राचाही असाच बँड होता, आणि त्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा बायकोने फर्मान काढलं की मामांना घेऊन जा. मी मामांना फोनवर आधीच सांगितलं, “मामा, आवाज फार असतो हं तिथे.”

“आवाज तर पायजेच की ओ, जावईबापू,” मामा म्हणाले. “शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला नको?”

शेवटची रांग नव्हती, कारण पहिलीही नव्हती. त्या हॉलमध्ये सगळे उभ्यानेच ऐकतात. कार्यक्रम संध्याकाळी सातचा होता आणि मामा मेट्रो, बस आणि रिक्षा अशी त्रिस्थळी यात्रा करून दुपारीच येऊन दाखल झाले होते. त्यांच्या एका हातात घडीची खुर्ची होती आणि दुसऱ्या हातात मंडळाच्या काळातली पिशवी. तिच्यात शाल, नारळ, सेफ्टी पिना, सुतळी, काडेपेटी आणि विजेचं लांबलचक एक्स्टेन्शन होतं. दारावरच्या सिक्युरिटीने पिशवी तपासली आणि नारळ बाहेर काढला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत, असा तिथला नियम.

“अण्णा, हा खायचा नारळ नव्हं,” मामा समजावू लागले. “हा द्यायचा नारळ.”

सिक्युरिटीवाला आसामचा होता. द्यायचा नारळ कसला असतो हे त्याला कन्नडमध्ये, हिंदीत आणि मामांच्या इंग्रजीत सांगून झालं, तरी तो हलेना. शेवटी नारळाला टोकन मिळालं आणि तो हेल्मेटांच्या रांगेत जाऊन बसला. आत गेल्यावर मामांनी ऐन स्पीकरसमोर खुर्ची मांडली आणि समई कुठे आहे याची चौकशी केली. समई नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण प्रमुख पाहुणेही नाहीत हे कळलं तेव्हा मात्र ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, की हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मग बँड सुरू झाला. माझ्या छातीच्या फासळ्या थरथरत होत्या, आणि शेजारी मामा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. पहिलं गाणं संपलं. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि नाटकाच्या थिएटरात कमावलेल्या आवाजात ओरडले, “वन्समोअर!” बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटचं गाणं झाल्यावर लोक अजून एक मागतात हे त्यांना माहीत होतं, पण पहिलंच गाणं तसंच्या तसं पुन्हा वाजवा असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गिटारवाल्याने खांदे उडवले आणि गाणं पुन्हा सुरू केलं. पुढच्या गाण्याला निम्मा हॉल वन्समोअर म्हणत होता. माझ्या मित्राच्या बँडला सहाच गाणी येत होती, पण त्या दिवशी त्यांचा कार्यक्रम दीड तास चालला.

कार्यक्रम संपला आणि मामा माइककडे निघाले. सौम्याने त्यांना मध्येच गाठलं. त्या दोघांचं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, त्यामुळे मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. “अंकल, शेवटचं गाणं झालं की लोक घरी निघतात,” ती म्हणाली. “त्यांना भाषण ऐकवलं तर पुढच्या वेळी येणार नाहीत. स्वल्प समजून घ्या.” मामांनी स्वल्प समजून घेतलं आणि पूर्णपणे दुर्लक्ष केलं. माइक नाही तर नाही, म्हणून ते हेल्मेटांतून नारळ सोडवून दारात उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे त्यांनी हात जोडून वेगवेगळे आभार मानले. ड्रमरला नारळ मिळाला, कारण सगळ्यात जास्त कष्ट त्याचे. कानात, नाकात आणि भुवईत बाळ्या असलेल्या गायिकेच्या खांद्यावर शाल पडली. ती आधी बावरली आणि मग तिने वाकून मामांच्या पायांना हात लावला. मी सिक्युरिटीवाल्याच्या मागे उभा राहून आपला यांच्याशी काही संबंध नाही असं भासवत होतो, पण मामांनी मला नाव घेऊन पुढे बोलावलं आणि माझेही आभार मानले.

त्यानंतर मामांनी एकही शनिवार चुकवला नाही. सोमवार उजाडला की ते हॉलच्या इंटरनेटवरच्या पानावर पुढचे कार्यक्रम बघायचे आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रण टाकायचे. ‘रसिकहो! येत्या शनिवारी सायंकाळी ठीक सात वाजता शिलाँगच्या तरुण कलावंतांचा आरडाओरड्याचा सुश्राव्य कार्यक्रम. सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहून शोभा वाढवावी.’ निपाणीची आत्या न चुकता हात जोडल्याचं चित्र पाठवायची, आणि एकदा तर तिने कार्याला येता येत नाही म्हणून आहेर कुठे पाठवू असंही विचारलं. हॉलमध्ये मामांच्या खुर्चीची जागा ठरून गेली. एका गायकाची पँट ऐन वेळी उसवली तेव्हा मामांच्या पिनांनी त्याची अब्रू राखली, आणि तेव्हापासून नारळाला टोकन लागेनासं झालं. बँडवाले आल्या आल्या विचारायचे, “अंकल, हमारा शॉल लाए क्या?” एवढं सगळं झालं, पण माइक काही मिळाला नाही. दर शनिवारी मामा मागायचे आणि दर शनिवारी सौम्या हसून नाही म्हणायची. आयुष्यात आता फार काही मागणं उरलेलं नाही, पण या हॉलमध्ये एकदा रीतसर आभार मानायचेत, असं ते मला रिक्षाची वाट बघताना सांगायचे. गंमत नव्हती ती. त्यांना ते मनापासून हवं होतं.

आणि एका सोमवारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

“जावईबापू, पान पार खालपर्यंत बघितलो. या महिन्याचे कार्यक्रम हायेत. पुढं काहीच नाही की ओ.”

मी सौम्याला विचारलं. जागेच्या मालकाला गोदाम पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते. तिने दुसऱ्या जागा पाहिल्या होत्या, पण आवाज म्हटलं की कुणी दार उघडत नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सगळे बँड मिळून वाजवणार आणि हॉल बंद होणार. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “अंकलना सांगा, त्या दिवशी शेवटी माइक त्यांचा.”

मला वाटलं होतं, मामा हरखून जातील. पण ते नुसतं “सरी” म्हणाले. पुढचे पंधरा दिवस ते आरशासमोर उभे राहून तयारी करत होते, असं मामींकडून कळलं.

त्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मामा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते आणि त्यांनी मामींनाही आणलं होतं. मामींनी दोन्ही कानांत कापूस घातला होता आणि तोंडावर मुलगी सासरी निघाल्याचे भाव होते. शेवटचं गाणं झालं, त्याचा वन्समोअर झाला, त्याचाही वन्समोअर झाला, आणि मग सौम्याने मामांना हात धरून वर नेलं. एकही माणूस दाराकडे हलला नाही. मामांनी माइकवर टिचकी मारली, समोर पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी माइकसमोर कधी न अडणारा माणूस त्या दिवशी अडला.

“आमचं एक मंडळ होतं,” शेवटी ते म्हणाले. अर्धं कन्नड, अर्धं हिंदी आणि अडलं तिथे निपाणीचं मराठी, असं ते बोलत होते, पण सगळ्यांना सगळं कळत होतं. “त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाला मीच आभार मानलो. एकाला म्हणून विसरलो नाही. इतके छान मानलो, की सगळे खूश होऊन घरी गेले, ते परत आलेच नाहीत.” लोक हसले. मामा हसले नाहीत. “आभार मानले की कार्यक्रम संपतो. म्हणून आज मी मानणार नाही. पुढचा कार्यक्रम सांगतो. येत्या रविवारी, संध्याकाळी ठीक पाच वाजता, मल्लेश्वरमला आमच्या गच्चीवर. लिफ्ट नाही. आवाज स्वल्प कमी ठेवायचा, बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं हायेत. सगळ्यांनी यायचं. आभार तिथं.”

हॉलने जी काही आरोळी ठोकली, ती ऐकून मामींनी कानातला कापूस काढला आणि मला विचारलं, “काय म्हणाले हो?” गच्चीची बातमी त्यांना आमच्यानंतर मिळाली.

पुढच्या रविवारी लोक खरंच आले. ड्रमरने ड्रमऐवजी लाकडी खोकं वाजवलं. पार्किंगवरून भांडणारे दोन्ही गट आयुष्यात प्रथमच एकत्र होऊन तक्रार करायला वर आले, आणि मामांनी त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या. शेवटी सगळे आभारांची वाट बघत होते, तर मामा उठले, पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगितली आणि म्हणाले, “आभार तिथं.” तेव्हापासून हेच चाललंय. कधी वीस माणसं येतात, कधी सातआठ. सौम्या अजून जागा शोधतेय, आणि सापडेपर्यंत खुर्च्या मांडायला येतेय. आभारच मानले जात नसल्यामुळे कार्यक्रम संपल्याचं कुणाला कळत नाही, आणि लोक मामींचे पोहे खात, गप्पा मारत बसून राहतात.

हल्ली मामा गच्चीचा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतात. खुर्ची आता मी घेतो, पिशवी मात्र ते देत नाहीत. परवा वर पोचल्यावर ते कठड्याला टेकून दम खात उभे होते आणि खालून गिटारवाल्याच्या चपलांचा आवाज येत होता, तेव्हा मला या माणसाबद्दल एकदम भरून आलं. पुण्याहून आलो तेव्हा या शहरात माझं ऑफिस होतं, घर होतं आणि त्या दोहोंमधला ट्रॅफिक होता. बाकी जे काही इथे माझं झालं, ते मामांमुळे झालं. एकदा हे त्यांना सांगावं, रीतसर आभार मानावेत, असं फार मनात आलं. अगदी तोंडावरही आलं होतं.

पण त्यांचाच नियम आठवला, आणि मी गप्प बसलो. आभार पुढच्या रविवारी.