अप्पांच्या शिशाच्या ओळी

माझ्या बहिणीच्या, मंगलच्या लग्नपत्रिकेत पाहुण्यांना येऊ नका असं छापलं होतं.

तसा कुणाचाच हेतू नव्हता. आमचे अप्पा, म्हणजे वडील, वर्तमानपत्रात लायनो ऑपरेटर होते. लायनो म्हणजे कपाटाएवढं यंत्र. कळा दाबायच्या, आत शिसं वितळतं आणि बाजूने अख्खी ओळ ओतून बाहेर पडते. गरमागरम, आणि अक्षरं उलटी! वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर गेली, अप्पा निवृत्त होऊन नवघरला घरी बसले. पण भाईंदरला त्यांच्या मित्राच्या गाळ्यात असं एक यंत्र उरलं होतं. तेही भंगारात निघालं होतं.

"मंगलची पत्रिका मी त्यावर करणार," अप्पांनी जाहीर केलं.

"अप्पा, कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात होईल."

"तुझी झाली होती ना? सासऱ्यांचं नाव चुकलं होतं."



अप्पांनी दुपारभर बसून ओळी ओतल्या. इतकं खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मित्राचं छपाईचं मशीन आधीच विकलं गेलं होतं, म्हणून छपाई भाईंदर पश्चिमेच्या एका छापखान्यात होणार होती. ओळी कागदात गुंडाळून, सुतळी बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"क्रम बदलू देऊ नको."

"अप्पा, मी काय लहान आहे?" (दोन मुलांचा बाप!)

रेल्वेवरच्या पुलाच्या उतारावर माझी रिक्षा खड्ड्यात गेली, सुतळी तुटली आणि मंगलचं लग्न रिक्षाभर पसरलं! ओळी गोळा केल्या, पण उलटी अक्षरं वाचणार कशी? मी पुढे वाकून एकेक ओळ रिक्षाच्या आरशासमोर धरू लागलो.

"भाईसाब, ये शीशा पीछे की गाड़ी देखने का है!" रिक्षावाला ओरडला.

"बस दो मिनट! बहन की शादी है!"

त्याने रिक्षा कडेला घेतली आणि आरसा माझ्याकडे वळवून दिला. भला माणूस. ओळी लागल्या. छापखान्यात प्रूफही मीच वाचलं. (म्हणजे नावं आणि तारीख पाहिली. बाकी पत्रिकेत वाचायचं काय असतं?) जवळच्या पूनम सागर वसाहतीपासून रत्नागिरीपर्यंत पत्रिका गेल्या.

मग चिपळूणहून मामाचा फोन. "आम्ही यायचं नाही, बरं. पण भेटवस्तू कुणाबरोबर पाठवू?"

मी पत्रिका काढली. शेवटी सुबक अक्षरांत होतं:

आपली सहकुटुंब उपस्थिती
स्वीकारली जाणार नाही.
कोणतीही भेटवस्तू
प्रार्थनीय आहे.

आईने माझ्या खांद्यावरून वाचलं. "मुलाकडच्यांनाही हीच गेलीय रे!"

मंगल हसत होती की रडत होती, ते कळेना. अप्पांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ पाहिली. "छपाई मात्र स्वच्छ आलीय," एवढंच म्हणाले, चपला घातल्या आणि गाळ्याकडे निघाले. यंत्र अजून तिथेच होतं.

या वेळी ओळींचं पुडकं आईने मांडीवर धरून नेलं. मी बरोबर यायचं नाही, असं ठरलं होतं. दोन दिवसांत सगळ्या पाहुण्यांना शुद्धिपत्रक गेलं. सगळे सहकुटुंब आले, पोटभर जेवले आणि मांडवात मलाच शोधत राहिले. कारण शुद्धिपत्रकाची शेवटची ओळ होती:

"सदर चूक यंत्राची नसून आमचे चिरंजीव दिलीप यांची आहे."

वडील आयुष्यभर वर्तमानपत्रात, आणि त्यांच्या हातून माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते हे असं!