पंधरा दिवसांच्या सह्या

बदनापूरच्या भागवतरावांच्या डाळ मिलमध्ये दैवशाला अकरा वर्षं तूरडाळ निवडत होती. नजर अशी, की एक काळा दाणाही तिला खुपायचा. तोंडही तसंच. पटलं नाही की बोलायची, मग समोर मालक असो नाहीतर सासू.

यंदा मिलमध्ये रंग ओळखून खराब डाळ बाजूला फेकणारं मशीन आलं आणि निवडणाऱ्या आठही बायका धास्तावल्या. आता आपलं काय काम? तेवढ्यात कळलं, लहान धंद्यांतल्या कामगारांना सरकारी खर्चानं पंधरा दिवस शिकवणार आहेत. दैवशालाला हायसं वाटलं. मशीन चालवता आलं तर आपल्याला कोण काढतंय?

जालन्याहून ऋषीसर शिकवायला आले. बॅनर लागला, फोटो निघाले, चहा झाला. मग सरांनी हजेरीचे कागद पुढे केले. पंधराही दिवसांच्या सह्या आजच करायच्या. म्हणजे शिकायच्या आधीच शिकून मोकळं! बायकांनी मुकाट्यानं सह्या केल्या. दैवशालानं पेन खाली ठेवलं.

"काय शिकलो आम्ही? फोटो काढायला?"

"जल्दी कर, कामं पडलीत," भागवतराव म्हणाले. "मशीन माझा भाचा बघंल. तुम्हाला सर्टिफिकेट भेटून राह्यलं ना?"

"ते काय चुलीत घालू? खर्चा आमच्या नावावर अन् मशीन भाच्याला? म्या सही करणार न्हाई."

"मंग उद्यापासून येऊ नको."

"येणार. बराबर नऊला. यादीत नाव हाये माझं. सही का न्हाई म्हणून कुणी इचारलं, तर समदं सांगंन."

ऋषीसरांचा चेहरा उतरला. त्या आठ जणींतली बेबीनंदा उठली आणि तिनं आपल्या सह्यांवर काट मारली. मग एकेक करत बाकीच्याही उठल्या. भागवतराव पाय आपटत निघून गेले.

सह्यांशिवाय सरकारी पैसे सुटणार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी शिकवणं सुरू झालं. त्या दिवसाचं शिकून झालं की त्या दिवसाची एक सही, असा दैवशालानं कायदाच केला. बायका आधी बटणांना भ्यायच्या, मग चुकायलाही भिईनाशा झाल्या.

तेराव्या दिवशी चांगली डाळ भसाभसा खराबाच्या पोत्यात पडू लागली. ऋषीसर पुस्तक चाळत बसले. भागवतरावांनी भाच्याला हाक मारली. दैवशालानं मूठभर डाळ तळहातावर घेतली.

"खराब न्हाई ही. साल सुटायला लावतेत ते तेल जास्त लागलंय, म्हणून काळपट दिसून राह्यली."

मशीननं किती बारकाईनं निवडायचं, तो आकडा तिनं कमी केला, डाळ पाहिली, आणखी थोडा कमी केला. खराबाच्या पोत्यात पडणारी धार आटली.

भाचा धावत आला. "सरका, मावशी."

दैवशाला तसूभरही हलली नाही.

भागवतरावांनी भरत चाललेल्या चांगल्या डाळीच्या पोत्याकडं बघितलं. "राहू दे रे तिलाच मशीनवर," ते शेवटी म्हणाले.

"मला एकटीला न्हाई, मालक," दैवशाला म्हणाली. "आम्हा आठ जणींला."