तबकडी आतल्या बाजूला

मोरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकासमोर अक्कल पाजळत होतो. कंपनीतला पोरगा, मोबाईलवर कुठलं तरी भारी विलायती घड्याळ स्वस्तात मिळतंय म्हणून विचारायला आलेला. "सेठ, असली है क्या?" मी सांगत होतो, हातात घेऊन वजन बघ, भिंगाखाली अक्षरं बघ, कडा फाटलेल्या दिसल्या की समज... तेवढ्यात फोन. एडवणहून मोरूचा शेजारी बोलत होता. "तुमचा मोरेश्वर गेला. जाळी सुकत टाकत होता, बसला तो उठलाच नाय." मी फोन ठेवला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. खरंच केलं. मग शटर ओढलं.

मोरू आणि मी सफाळ्याच्या शाळेत एका बाकावरचे. तो होडीवर गेला, मी घड्याळांत. माझ्याकडे आला की म्हणायचा, "सुऱ्या, दुनियेची घड्याळं नीट करतोस, पण तू सोता कदी येळेवर येत नायस." त्याचं स्वतःचं घड्याळ नेहमी उलटं असायचं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. जाळं ओढताना काच अडकते, फुटते, म्हणून. लग्नाच्या मांडवातसुद्धा वेळ बघायची तर हा तळहात वर करून बघणार, भिक्षा मागितल्यासारखा. आम्ही हसायचो, त्याची बायको होती तोवर तीही हसायची. ती गेल्यावर घरात तो आणि निलेश एवढेच राहिले, आणि निलेशही पुढे मोठ्या मालवाहू जहाजावर नोकरीला लागला.

पहिल्या सुट्टीत निलेशने बापासाठी परदेशातून घड्याळ आणलं. हातात घालूनच आणलं, खोका जहाजावरच राहिला. तो परत गेल्यावर मोरू ते रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. "बग रं, केवडं भारी हाय. कपाटात ठेवलाय, घालायला भ्या वाटते." दुकानात चार माणसं होती. मी डोळ्याला भिंग लावलं. आता खरं काय ते लिहितो : त्या कंपनीचं घड्याळ मी आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. नाव ऐकून होतो, फोटो बघून होतो. "मला सांगता येणार नाही," एवढं म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण चार माणसं बघत होती ना! सेकंदकाटा टकटक उड्या मारत होता. मी ऐकलेलं होतं की असल्या भारी घड्याळाचा काटा संथ सरकतो, उड्या मारत नाही. खोकाही नाही. मी झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला, "नकली आहे, मोरू."

त्याने घड्याळ परत रुमालात गुंडाळलं. मग म्हणाला, "पोराला फसवला रं कोनी. त्याला काय बोलू नको हां, हिरमुसंल." आणि लगेच हसून, "बरा झाला. आता होडीवर घालायला भ्या नाय." त्या दिवसापासून ते घड्याळ त्याच्या हातावर चढलं, अर्थात उलटं. होडीला डांबर लावताना, बंदरावर मासळी उतरवताना, सगळीकडे. फक्त निलेश सुट्टीवर यायचा तेवढे दिवस ते कपाटात जायचं. न जाणो, कुणी पोरासमोर 'नकली' म्हणालं तर? हे तो मला डोळे मिचकावून सांगायचा आणि मी, शहाणा, त्याला टाळी द्यायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर निलेश दुकानात आला. खिशातून तेच घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "कपाटात सापडलं, काका. शेजाऱ्यांनी ठेवलं असंल. बंद पडलंय, सेल टाकून द्या." मी झाकण उघडलं... आणि माझा हात थांबला. आतलं मशीन इतकं नेटकं, की नकली करणारा एवढी मेहनत कशाला घेईल? मुंबईतल्या एका जुन्या कारागिराला फोटो पाठवला. चहा येईपर्यंत त्याचं उत्तर आलं : अस्सल आहे, ही कंपनी सेलवर चालणारी घड्याळंही बनवते, त्यांचा काटा टकटकच करतो.

सेल टाकून, झाकण लावून गप्प बसता आलं असतं. खोटं कशाला बोलू, मनात तेच आलं. पण निलेश ओरखड्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "कुटं फेकून दिलेलं काय म्हाईत. मी घरी असताना एकदापन घातलं नाय त्यांनी. आवडलं नव्हतं त्यांना. मी पन मग रागात फोन कमी केला, काका... आता काय."

मी सगळं सांगितलं. काटा, चार माणसं, कपाट, टाळी, सगळं. "तुमी उघडून पन बगितलं नाय?" निलेश एवढंच म्हणाला. "नाही," मी म्हटलं. म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो : तुम्ही घड्याळ घ्यायला जाल तेव्हा भिंग बघा, बिल बघा, काय हवं ते बघा. पण ज्याला विचारताय त्याला "माहीत नाही" म्हणता येतं का, ते आधी बघा.

काय करावं ते सुचेना, म्हणून मी सवयीने पट्टा साफ करायला घेतला. साखळीच्या कड्यांत बारीक बारीक चमकणारं काहीतरी बसलं होतं, सुकून घट्ट झालेलं. भिंगाखाली धरलं. माशाचे खवले. मी ते निलेशला दाखवलं. त्याने भिंग घेऊन किती तरी वेळ बघितलं. मी ब्रश उचलला तसा त्याने माझा हात धरला.

"ब्रश खाली ठेवा, काका."

मग त्याने घड्याळ हातात घातलं, आणि फिरवून तबकडी आत घेतली.