स्वर्णरेखेत नाव चालली तेव्हा

सिटी सेंटरहून घरी येताना मी लांबचा रस्ता धरतो. जवळच्या रस्त्यावर स्वर्णरेखा नदीचा पूल लागतो. खाली सिमेंटचा नाला, त्यात काळं पाणी, आता नदीवरून जाणाऱ्या उंच रस्त्याचे खांबही उभे राहताहेत. त्या पाण्यावर मला आई वाकलेली दिसते. वीस वर्षं होत आली, कुणाला बोललो नाही.

नदीचं काम आमच्याच खात्याचं. तळ आणि काठ सिमेंटने बांधायचे, फाटक लावून पाणी अडवायचं, लोकांना फिरवायला नावा सोडायच्या. मी नवाच उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनियर होतो. वस्त्यांच्या गटारांची तोंडं आत उघडी राहिली आहेत हे मला ठाऊक होतं. नावा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस औषध फवारून आम्ही नुसता वास घालवला होता.

साहेब म्हणाले, "माताजी को भी घुमाइए." आणली.

आईचं माहेर इथलंच, जवळच्या दाना ओलीतलं. लहानपणी गौरीचे खडे ती आणि गल्लीतल्या मुली इथूनच घरी नेत, वाटेत तोंडातून शब्द न काढता. नावेत मात्र तिची बडबड थांबेना. तिने पाण्यात हात घातला तसा नाववाला म्हणाला, "अम्मा, हाथ अंदर रखो."

"बेटा, तू पैदा भी नहीं हुआ था, तब हम इसमें तैरते थे."

साहेब हसले. तिने मला विचारलं, "पाणी साफ आहे ना रे?"

साहेब समोरच बसले होते. मी म्हणालो, "हो आई, एकदम साफ."

तिने ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि उरलेलं तीर्थासारखं पिऊन टाकलं. मी अडवायला हात उचलला होता. तो चष्म्याकडे नेला.

तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब, मग ताप. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाहर का पानी पिया था?"

"नहीं, घर का ही," मी म्हणालो.

सलाईन लावलेली आई डोळे मिटूनच म्हणाली, "हाँ, घर का ही."

डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "नोकरी नवी आहे तुझी."

आठवड्याने ती गेली. त्या पाण्यानेच गेली का, मला माहीत नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर निदान कळलं असतं. कदाचित वाचलीही असती.

तेराव्याला साहेब आले. म्हणाले, "भाग्यवान थीं, जाते-जाते अपनी नदी देख गईं."

मी "जी" म्हणालो आणि त्यांना वाढायला सांगितलं.